विजयाचा विषाद

चित्रमालिका म्हणजे लहान मुलाला घास भरवताना त्याच्यापुढे धरावयाची वस्तू, असा आपल्या सुशिक्षित वर्गाचा दृढ समज आहे. त्यामुळे लोखंडी राक्षसांच्या झुंजी दाखविणारी एक जपानी चित्रमालिका हाती घेऊन तिच्या मापाने मराठी युद्धकथेची झडती घेण्याचा हा खटाटोप काहींना अप्रस्तुत आणि काहींना तर उपमर्दकारकही वाटेल, हे मी जाणून आहे. तथापि ज्याच्याशी पाऊस नेहमीच हात आखडून वागत आला आहे अशा, नगर जिल्ह्यातल्या कर्जतसारख्या तालुक्याच्या गावीही आज अकरावी-बारावीची मुले मोबाईलवर या जपानी मालिका पाहतात, आणि अमुक नायकाने अमुक वेळी गोळी झाडली ते योग्य की अयोग्य यावर एस्टी स्टँडाच्या बाकावर बसून तावातावाने भांडतात. हीच मुले मराठी ऐतिहासिक चित्रपटाला जातात तेव्हा घोषणा देतात, टाळ्या पिटतात, क्वचित डोळेही पुसतात. पण बाहेर आल्यावर भांडत नाहीत. भांडण्याजोगे त्या चित्रपटात काही शिल्लकच ठेवलेले नसते. या फरकाचे खापर मुलांच्या अभिरुचीवर फोडून मोकळे होणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

ज्या मालिकेपासून या कथाप्रकाराला प्रौढत्व आले असे मानतात, ती ‘मोबाईल सूट गंडम’ ७ एप्रिल १९७९ रोजी नागोया येथील दूरचित्रवाणी केंद्रावरून सुरू झाली. महाकाय यंत्रमानवांच्या कथा जपानात त्यापूर्वीही विपुल होत्या. मित्सुतेरू योकोयामा यांचा ‘तेत्सुजिन २८’ हा १९५६ पासून चित्रकथेच्या रूपाने गाजत होता, आणि गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’ने १९७२ साली नायकाला यंत्राच्या मस्तकात बसवून ते हाकावयास लावले होते. परंतु या कथांत समोर लढणारा शत्रू बहुधा माणसांपैकी नसे आणि म्हणून त्याला मारण्यात कोणाचे काही जात नसे. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी केले ते एवढेच की समोरच्या यंत्रातही माणूस बसविला. आणि तो एकदा तेथे बसल्यावर कथेतील प्रत्येक विजयाचा हिशेब निराळ्या वहीत लिहिणे भाग पडले. पृथ्वीचे संघराज्य आणि अंतराळातील वसाहतींतून फुटून निघालेले झिऑनचे राज्य यांच्या या युद्धात, कथा सुरू होण्यापूर्वीच निम्मी मानवजात नष्ट झालेली आहे. वसाहतींची गाऱ्हाणी खरी आहेत, त्या गाऱ्हाण्यांवर स्वार झालेले झाबी घराणे मात्र सत्तालोलुप आहे. संघराज्य स्वसंरक्षणार्थ लढते आहे, पण त्याचे अंमलदार निर्वासितांची मुले रणांगणात जुंपताना फारसा मुलाहिजा बाळगीत नाहीत. कोणत्या बाजूला टाळ्या द्याव्यात हे प्रेक्षकाला असे सुखासुखी कळत नाही.

कथेचा नायक आमुरो रे हा पंधरा-सोळा वर्षांचा, घुमा, यंत्रांत रमणारा मुलगा. वस्तीवर अकस्मात हल्ला होतो, शेजारच्या मुलीची आई आणि आजोबा तिच्या डोळ्यांदेखत मरतात, आणि आपल्या बापाने ज्याच्या बांधणीत भाग घेतला त्या यंत्रात हा मुलगा माहितीपुस्तिका चाळत चाळत शिरतो. येथवर सारे परिचित आहे. पुढे मात्र तोमिनो हे या मुलाला पराक्रमाच्या शिडीवरून चढवीत नाहीत, तर त्याला एकेका माणसापुढे उभा करतात. लढण्यास नकार दिला म्हणून, निर्वासितांना घेऊन निघालेल्या जहाजाचा जेमतेम एकोणीस वर्षांचा कप्तान ब्राइट त्याच्या थोबाडीत मारतो, तेव्हा आपल्या बापानेही आपल्याला कधी मारले नव्हते ही त्याची तक्रार ऐकून हसू येते आणि पाठोपाठ त्या हसण्याची लाजही वाटते. पुष्कळ दिवसांनी आईची भेट होते. ती त्याला शत्रुसैनिकांपासून लपविते, आणि तो पांघरुणाखालून तिच्यादेखत त्यांच्यातल्या एकावर पिस्तूल झाडतो. त्या माणसालाही घरदार असेल, असे ती कळवळून म्हणते. हे युद्ध आहे, असे तो उत्तरतो. दोघांचेही खरे असते. निरोपाच्या वेळी आईला जवळ घेण्याऐवजी तो तिला लष्करी सलाम करतो, आणि त्या एका कृतीने मुलगा हरवला व शिपाई घडला हे कोणत्याही भाषणावाचून सिद्ध होते. बापाची भेट याहून दारुण आहे: प्राणवायूच्या अभावी बुद्धीला विकार झालेला तो शास्त्रज्ञ एक कालबाह्य सुटा भाग मोठ्या अभिमानाने मुलाच्या हाती देतो, आणि मुलगा रस्त्यावर येताच तो फेकून देतो.

या मालिकेचे शिखर माझ्या मते राम्बा राल या शत्रुपक्षीय अधिकाऱ्याच्या प्रकरणात आहे. आपल्याच गोटातून रागाने पळून आलेला आमुरो वाळवंटातल्या एका खाणावळीत त्याच्या शेजारी बसतो. रालची सोबतीण त्याला जेवू घालू पाहते, तर मी भिकारी नाही असे सांगून तो नकार देतो, आणि त्या नकारामुळेच राल त्याच्यावर प्रसन्न होतो. पोराने अंगरख्याखाली पिस्तूल धरले आहे हे ध्यानी येऊनही तो त्याला जाऊ देतो. लवकरच दोघांची यंत्रे भिडतात, चिलखते फाटतात, आणि आतली ओळखीची तोंडे एकमेकांस दिसतात. ज्याच्यासारखे व्हावे असे वाटावे असा पहिला प्रौढ पुरुष त्या मुलाला भेटतो तो शत्रूच्या पक्षात, आणि त्याच्याशी लढताच आपली वाढ झाली हेही त्याला उमगते. पुढे राल आमुरोच्या जहाजात शिरतो तो आपल्या जुन्या धन्याची कन्या तेथे शत्रूच्या वेषात उभी पाहतो. खाल्ल्या मिठाच्या दोन जुन्या-नव्या ऋणांमध्ये सापडून क्षणभर त्याचा हात थबकतो, आणि तो क्षणच त्याचा काळ ठरतो. स्वामिनिष्ठेचा हा पेच समजावयास मराठी वाचकाला जपानी यावयास नको.

शत्रुपक्षाचा नामांकित योद्धा शार याचे चरित्रही असेच दुपदरी आहे. बापाच्या मृत्यूचा सूड उगविण्यासाठी तो नाव बदलून वैऱ्याच्याच चाकरीत राहतो, आणि आपल्यावर विश्वासलेल्या गार्मा या मित्राला दगा देऊन मरणाच्या तोंडी लोटतो. ललाह नावाची मुलगी, जिची मुद्रा आणि ठेवण हिंदी वळणाची आहे, शार आणि आमुरो या दोघांच्याही अंतःकरणाशी जोडली जाते आणि शारला वाचविताना आमुरोच्याच हातून मरते. ही हत्या आमुरोला पुढील सारे आयुष्य पुरते. १९८८ च्या चित्रपटात हे दोघे वैरी प्रौढ होऊनही त्याच मुलीवरून भांडताना दिसतात. वाढ म्हणजे जखम भरून येणे नव्हे, हे या मालिकेला जितके ठाऊक आहे तितके आपल्या पुष्कळ गंभीर कादंबऱ्यांनाही ठाऊक नाही.

आणि ही सारी सृष्टी कोणाच्या पैशावर उभी राहिली? तर एका खेळणी विकणाऱ्या कंपनीच्या. तोमिनोंनी यंत्रे दाखवावीत आणि दुकानात ती खपावीत, असा सरळ व्यवहार होता. खेळणी खपेनात म्हणून ५२ भागांची योजना ४३ भागांवर आणून जानेवारी १९८० मध्ये मालिका गुंडाळण्यात आली. मागाहून पुनःप्रक्षेपणाने आणि बांदाई कंपनीच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींनी तिचे भाग्य फळफळले, आणि १९८१-८२ मध्ये तिचे तीन चित्रपट निघाले. कलेला धंद्याची दावण बाधक असते हे सूत्र आपण फार सहज उच्चारतो. आपली संगीत नाटके तरी तिकीटविक्रीवाचून कोठे चालली होती?

मात्र या मालिकेची एक पळवाट दाखविल्यावाचून मला पुढे जाववत नाही. झिऑनच्या गणवेषांत, संचलनांत आणि गिहरेन झाबीच्या भाषणांत नाझी जर्मनीची छाया इतकी उघड आहे की खुद्द त्याचा बापच त्याला हिटलरच्या पंक्तीस बसवितो. प्रश्न असा की १९४१ साली जन्मलेल्या जपानी दिग्दर्शकाने आक्रमकाचे चित्र काढताना आपल्याच देशाच्या साम्राज्यशाहीकडे पाठ का फिरवावी? नानकिंग आणि मनिला येथे जे घडले त्याची लाज परक्याच्या अंगरख्यात लपेटून ठेवणे सोयीचे होते, म्हणून. इतरांच्या इतिहासाविषयी निर्भय आणि स्वतःच्या इतिहासाविषयी सावध असणे हा दोष काही आपल्याच वाट्याला आलेला नाही. पुढच्या पिढीत हिदेआकी आन्नो यांनी १९९५ च्या ‘इव्हॅन्जेलियन’मध्ये तर बाहेरचे युद्धच जवळजवळ पुसून टाकले आणि चौदा वर्षांच्या शिंजीच्या मनातच रणांगण मांडले. ती कृती असामान्य आहे. पण शत्रूच्या तोंडवळ्याला तीत जागा उरली नाही, म्हणून प्रस्तुत विचारात ती मला गौण वाटते.

आता घरी यावे. मराठी युद्धकथेला हा पेच परका होता काय? मुळीच नव्हता. हरी नारायण आपटे यांच्या ‘उषःकाल’चा खरा विषय गड कोणी घेतला हा नाही, विजापूरच्या दरबाराशी इमान राखणारा किल्लेदार रंगराव आप्पा आणि शिवाजीच्या उद्योगाकडे ओढला गेलेला त्याचा पुत्र नानासाहेब, या दोघांतील अंतर हा आहे. म्हातारा चुकीच्या बाजूस आहे हे लेखकाला पुरते ठाऊक असूनही तो त्याच्या इमानाची टवाळी करीत नाही. नमकहलाली हा गुण शत्रूकडे चाकरी करणाऱ्यातही गुणच राहतो, हे त्याने मान्य केले आहे. खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’त राघोबादादाला नुसता खलपुरुष केला असता तर १९०९ सालच्या प्रेक्षकाने तक्रार केली नसती; पण त्यांनी त्याला दुर्बल, लोभी, पश्चात्तापाच्या काठापर्यंत येऊन माघारी फिरणारा माणूस केला, आणि म्हणूनच त्याच्यासमोर देहान्त प्रायश्चित्त उच्चारणारा रामशास्त्री केवळ सद्गुणांचा पुतळा वाटत नाही. विश्राम बेडेकरांनी १९३९ साली ‘रणांगण’ नावाची कादंबरी लिहिली, तीत लढाई औषधालाही नाही. नाझी जर्मनीतून परागंदा झालेले यहुदी ज्या बोटीत आहेत तिच्यावरचा चक्रधर आणि हॅर्टा यांचा काही दिवसांचा सहवास आहे, आणि प्रेम करूनही कर्तव्याला न जागणाऱ्या पुरुषाची कायमची बोच आहे. मराठीतील आधुनिक युद्धाची सर्वोत्तम कथा एकही बंदूक न उडविता लिहिली गेली, याबद्दल आमच्या लेखकांनी अभिमान बाळगावा की संकोच, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात हा प्रवाह अधिकच खोल झाला. कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या १९६२ च्या नाटकात स्वराज्याचा संस्थापक आणि त्याचा युवराज हे दोघेही एकमेकांस न कळणारे बापलेक म्हणून रंगभूमीवर आले. मास्टर दत्ताराम आणि काशिनाथ घाणेकर यांच्या त्या झुंजीत प्रेक्षक कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला झुकत राहिला. त्याच वर्षी रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली. आळेगावी काकाशी लढून हरलेला थोरला माधवराव, दौलत दुभंगू नये म्हणून स्वतःच्या पायांनी राघोबाच्या गोटात जाऊन स्वाधीन होतो, हा १७६२ चा प्रसंग कोणाही नाटककाराने हेवा करावा असा आहे. पण ‘स्वामी’ वाचताना माधवराव इतका निर्मळ वाटू लागतो की त्याच्या त्यागाला प्रतिकार उरत नाही, आणि प्रतिकारावाचून त्याग गुळमट होतो. १९६७ साली तर एक विलक्षण योग घडला: शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ ही दोन्ही पुस्तके त्याच वर्षी प्रसिद्ध होऊन मराठी वाचकाच्या हाती एकाच वेळी दोन कर्ण आले. सावंतांनी कर्णाला स्वतः बोलू दिले, त्याच्या भोवतीच्यांनाही बोलू दिले, आणि या कल्पकतेचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु लेखक आपल्या नायकाच्या प्रेमात इतका बुडाला की द्यूतसभेत कर्णाने उच्चारलेल्या शब्दांचे ओझे वाचकाच्या छातीवरून हळूच उतरवून ठेवले गेले. इरावतीबाईंनी ते उतरू दिले नाही. त्यांचा कर्ण स्वतःच्या ओळखीचा शोध घेताना पुनःपुन्हा चुकतो, आणि त्या चुकांची किंमत त्याच्याकडूनच वसूल केली जाते. खप ‘मृत्युंजय’चा अधिक झाला, आणि पुढची पन्नास वर्षे मराठी ऐतिहासिक-पौराणिक लेखनाने मोठ्या प्रमाणावर त्याच प्रेमळ मार्गाने जाणे पसंत केले, हे या कलेच्या आजच्या अवस्थेचे एक मुख्य कारण होय.

विश्वास पाटलांची १९८८ ची ‘पानिपत’ ही या मार्गावरची शेवटची मोठी आणि काही अंशी अपवादभूत कृती. सदाशिवरावभाऊचे जनमानसातील गर्विष्ठ चित्र पुसण्याचा तिचा वकिली हेतू लपत नाही. पण तीर्थयात्रेकरू, बायकामुले, बाजारबुणगे यांचा प्रचंड लोंढा पाठीशी घेऊन उपाशी छावणीत अडकलेला सेनापती हे चित्र तिने असे रंगविले की आमुरोच्या जहाजावरच्या निर्वासितांशी त्याचे नाते सहज जुळावे. आणि इब्राहिमखान गारदी! काल निजामाच्या पदरी असलेला, आज मराठ्यांच्या बाजूने स्वधर्मीयांशी लढणारा, आणि पराभवानंतर त्याच इमानापायी जीव देणारा हा माणूस स्वतंत्र महाकादंबरीचा धनी आहे.

गेल्या काही वर्षांत मराठी युद्धकथेचे केंद्र ग्रंथाकडून पडद्याकडे सरकले. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फर्जंद’पासून, म्हणजे २०१८ पासून, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’ अशी शिवकालीन चित्रपटांची एक मालिकाच उभी राहिली, आणि ओस पडत चाललेली मराठी चित्रपटगृहे या चित्रपटांनी भरली, हे त्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. भाषा, पेहराव, शस्त्रे, युद्धाची आखणी यांत पूर्वीपेक्षा अधिक काळजी दिसते. दोष आहे तो याहून मुळाशी. या चित्रपटांतला वीर पहिल्या दृश्यात जसा असतो तसाच अखेरच्या दृश्यात असतो. मध्ये त्याच्या देहावर जखमा वाढतात, मनावर एकही वाढत नाही. तानाजीने मुलाचे लग्न बाजूस सारून कोंढाण्याची मोहीम अंगावर घेतली, या कथेत बाप आणि सेवक यांच्यातला केवढा दुभंग दडलेला आहे! पण आपल्या परंपरेने तो एका बाणेदार वाक्यात मिटवून टाकला, आणि चित्रपटही त्या वाक्यापाशी येऊन टाळीची वाट पाहत थांबतो. १६७० च्या त्या माघातल्या रात्री, मागे राहिलेल्या घरात काय बोलणे झाले असेल, याची चौकशी करण्यास कोणी धजत नाही. पलीकडचा शत्रू तर डोळ्यांत काजळ आणि हातात मांसाचा तुकडा घेऊनच पडद्यावर येतो. त्याला घर नाही, भीती नाही, बुद्धी नाही. अशा शत्रूला जिंकण्यात जिंकणाऱ्याचाही फारसा गौरव होत नाही, हे साधे गणित आमच्या पटकथाकारांच्या ध्यानी येऊ नये याचे नवल वाटते. अफझलखान मूर्ख असता तर प्रतापगडाची मसलत इतकी काळजीपूर्वक करावी लागली नसती.

यावर निर्मात्यांचे उत्तर तयार असते: लोकांच्या भावना. ते अगदीच खोटे नाही. २०२२ साली एका ऐतिहासिक चित्रपटाचा खेळ ठाण्यात बंद पाडण्यात आला, आणि ज्यांचा पैसा अडकलेला असतो त्यांना शौर्याचा उपदेश करणे सोपे असते. पण भावना दुखावण्याची भीती ही काही आजची नव्हे. ‘कीचकवध’ सरकारने बंद केला, ‘घाशीराम कोतवाल’चे प्रयोग १९७२-७३ मध्ये विरोधामुळे अडले, तरीही ती नाटके लिहिली गेली आणि टिकली. भीतीपेक्षा मला आळसाचा संशय अधिक येतो. भारावलेला प्रेक्षक आयताच मिळत असता, त्याला विचारात पाडण्याची तसदी कोण घेणार?

हे सारे लिहीत असता माझ्या नजरेसमोर राहून राहून येते ते आमच्याच भागातले एक रणक्षेत्र. कर्जत तालुक्याच्या दक्षिण सीमेवर, भीमेच्या काठी सिद्धटेक आहे. मधु-कैटभांशी लढता लढता यश येईना म्हणून विष्णूने जेथे गणेशाची आराधना केली असे सांगतात ते हे स्थान, आणि पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांनी गेलेले सेनापतिपद परत मिळावे म्हणून जेथे एकवीस दिवस प्रदक्षिणा घातल्या असे परंपरा मानते तेही हेच. हरिपंत १७९४ साली सिद्धटेकलाच वारले. दुसऱ्याच वर्षी, ११ मार्च १७९५ रोजी, शेजारच्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे मराठ्यांची निजामाशी लढाई झाली. हरिपंतांच्या माघारी परशुरामभाऊ पटवर्धन सरनौबतीस होते. शिंदे, होळकर, भोसले सारे एका झेंड्याखाली आले होते, आणि असे ते पुन्हा कधी आले नाहीत. शिंद्यांच्या कवायती पलटणी एका बाजूस आणि फ्रेंच रेमंडच्या हाताखालच्या निजामाच्या पलटणी दुसऱ्या बाजूस, असा हा यंत्रवत शिस्तीचा सामना होता. प्रत्यक्ष झुंज थोडी झाली, गोंधळ अधिक. रात्रीच्या अंधारात निजामअली घाबरून खर्ड्याच्या गढीत शिरला, वेढला गेला, आणि मुलूख, खंडणी व आपला दिवाण मुशीर-उल्मुल्क मराठ्यांच्या हवाली करून त्याने तह केला.

यानंतरची हकीकत ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात नोंदविली आहे. दिवाण स्वाधीन झाला, छावणीत जल्लोष चालला, आणि तरुण पेशवा सवाई माधवराव मात्र खिन्न बसलेला नाना फडणविसांना दिसला. कारण विचारता त्याने जे सांगितले त्याचा आशय असा: मोगलांनी, म्हणजे निजामाच्या पक्षाने, इतकी लाजिरवाणी शरणागती पत्करावी आणि आपल्या लोकांनी विनासायास मिळालेल्या यशाच्या एवढ्या फुशारक्या माराव्यात, यावरून दोन्ही बाजूंची किती अवनती झाली आहे ते दिसते, आणि म्हणून मला वाईट वाटते. जन्मानंतर चाळिसाव्या दिवशी पेशवाईची वस्त्रे मिळालेला, सारे आयुष्य नानांच्या देखरेखीखाली वाढलेला, एकविसाव्या वर्षातला हा मुलगा आपल्या आयुष्यातील एकुलत्या एका मोठ्या विजयाच्या दिवशी असे बोलतो, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शनिवारवाड्याच्या माडीवरून पडून मरतो. तोल गेला की त्याने उडी टाकली, यावर इतिहासकार अद्याप भांडतात. खाडिलकरांनी त्याच्या मृत्यूवर नाटक लिहिले. त्यात हॅम्लेटची छाया पेशव्यावर आणि इयागोची छाया केशवशास्त्र्यावर पाडून संशयाचे विष रंगविले, आणि ते नाटक म्हणून गाजलेही. परंतु शेक्सपिअरकडून उसने आणलेल्या त्या संशयापेक्षा खर्ड्याच्या डेऱ्यातली ती अस्सल देशी खिन्नता मला अधिक मोलाची वाटते. युद्ध जिंकल्यावर राज्य नको म्हणणारा युधिष्ठिर ज्या महाभारताने दिला, त्याच परंपरेतला हा मुलगा आहे. शाहिरांनी खर्ड्यावर पोवाडे रचले, त्यांत सरदारांची नावे, तोफा, लूट सारे आले; विजेत्याचा विषाद पोवाड्याच्या ठेक्यात बसला नाही, आणि तो तेथे बसणारही नव्हता. तो नाटकाचा विषय आहे.

आधुनिक युद्धाच्या बाबतीत आमचे दारिद्र्य याहून ठळक आहे. नगर येथे चिलखती दलाचे केंद्र आणि प्रशाला आहे, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. सहलीला आलेली मुले त्या पोलादी धुडांवर हात फिरवून जातात. पुण्यात जन्मलेला सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल १९७१ चे युद्ध सुरू झाले तेव्हा नगरलाच प्रशिक्षण घेत होता. तेथून तो आपल्या पूना हॉर्स पलटणीत गेला आणि १६ डिसेंबरला, जळता रणगाडा सोडण्याचा हुकूम न मानता, तोफ अजून चालते आहे एवढ्या कारणासाठी आत बसून राहिला. वय एकवीस. तीस वर्षांनी त्याचे वृद्ध वडील पाकिस्तानात आपले जन्मगाव पाहण्यास गेले, आणि ज्याने त्यांचा अगत्याने पाहुणचार केला त्या निवृत्त ब्रिगेडिअरने रात्री कबुली दिली की तुमचा मुलगा माझ्याच हातून मारला गेला. राम्बा रालची कथा रचण्यासाठी तोमिनोंना कल्पनाशक्ती राबवावी लागली. आपल्यापुढे ती घडलेली आहे, आणि आमच्या लेखकांनी तिच्याकडून मान वळविली आहे. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी या नावाने ओळखले जाणारे अख्खे गाव आहे, घरोघरी शिपाई आहेत. पण मराठी कथेत शिपाई येतो तो बहुधा रजेवर आलेला, पेटी खाली ठेवून बायकोकडे पाहणारा. सीमेवर त्याने काय केले आणि त्या कृतीने त्याचे काय केले, हे त्याला विचारण्याची आपल्याला सवय नाही.

कोट्यवधी रुपयांच्या चित्रपटांकडून या बाबतीत लगेच काही व्हावे अशी माझी अपेक्षा नाही. त्यांचे भांडवल त्यांना ते करू देणार नाही. परंतु हौशी रंगभूमीला भांडवलाची तशी भीती नसते. राज्य नाट्यस्पर्धेच्या नगर केंद्रावर दरवर्षी आमच्या जिल्ह्यातली मंडळी नाटके घेऊन उतरतात, आणि त्यांतली कित्येक मुंबई-पुण्याच्या जुन्या यशस्वी संहिता पुनःपुन्हा करण्यात आपला उमेदीचा काळ खर्च करतात. खर्ड्याच्या त्या डेऱ्याला नेपथ्य फारसे लागत नाही: एक कनात, दोन माणसे, बाहेर जल्लोषाचा आवाज. कर्जत, जामखेड, श्रीगोंदे येथील ज्या तरुणांना लिहिण्याची हौस आहे त्यांनी या वर्षी तेथून सुरुवात करावी, आणि नानाला खलपुरुष करू नये, एवढीच विनंती.